माझ्या अक्षरातला ठराव

माझं अक्षर चांगलं आहे, तिथूनच या सगळ्याला सुरुवात झाली. भंडाऱ्याच्या शाळेत आमच्या बाईंनी छड्या मारून ते घोटून घेतलं होतं. इकडे लखनऊला, तेलीबागेतल्या आमच्या कॉलनीत, रहिवासी समितीच्या बैठकांचं इतिवृत्त लिहायला माणूस मिळत नव्हता. अध्यक्ष मिश्राजी, पण त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नसे. तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे मिश्राइनने सुचवलं की रजिस्टर बोरकर भाभींकडे द्या, पंडिताइन आहेत, लिखावट बघा कशी मोत्यासारखी. सहा वर्षं ते निळं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं आणि मला त्याचा चांगलाच माज होता.

लिखावटीचं खरं आहे. पंडिताइन मात्र मी नाही.

आम्ही बौद्ध. आमचे हे, बाबूराव, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मी हजरतगंजला एका विमा कंपनीच्या ऑफिसात. इकडच्या लोकांचा पक्का समज की मराठी आडनावाच्या शेवटी 'कर' आलं म्हणजे माणूस ब्राह्मण. घर घेतलं त्याच आठवड्यात मिश्राइन दह्याची वाटी घेऊन आल्या, नाव विचारलं आणि स्वतःच म्हणाल्या, "अच्छा, तो महाराष्ट्र के ब्राह्मण हैं." मी हसले. हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. बाबासाहेबांच्या आडनावातही तेच 'कर' आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी ते आणून दिलं नाही.

बाबूराव त्या संध्याकाळी म्हणाले, सांगून टाकायचं होतं न. मी त्यांच्यावर डाफरले. महानगर इतक्यात विसरलात का म्हणून विचारलं.

महानगर म्हणजे लखनऊतलाच एक भाग, तिथे आम्ही आधी भाड्याने राहायला गेलो होतो. दहाव्या दिवशी मालकीणबाई नळाला पाणी येतंय का बघायला आत आल्या, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांनी पाहिला आणि काही न बोलता गेल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, मुलाचं लग्न ठरतंय, खोल्या लागतील. प्रिया तेव्हा सातवीत होती. टेम्पोत सामान चढवताना तिने विचारलं, लग्न कधी आहे, आपल्याला बोलावतील का. मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्याच टेम्पोत बसून मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून तेलीबागेच्या घरात पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये फक्त बुद्ध ठेवला. बुद्ध हल्ली कुणाच्याही शोकेसमध्ये असतो, त्यावरून काही कळत नाही. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत, प्रियाच्या अभ्यासाच्या टेबलावर. मिश्राइन किंवा कॉलनीतलं कुणीही आलं की मी त्या खोलीचं दार ओढून बाहेरून कडी घालत असे आणि सांगत असे की आत फार पसारा आहे. चौदा एप्रिलला पांढरे कपडे घालून निघालो की ऑफिसचा कार्यक्रम आहे म्हणायचं. या सगळ्याची मला इतकी सवय झाली की हे खोटं आहे हेच मी विसरून गेले होते.

आता सरोजबद्दल. सरोज वाल्मीकी. या आडनावावरूनच इकडे सफाई करणाऱ्यांची जात कळते. ती कॉलनीचे रस्ते झाडायची आणि रविवारी चार-पाच घरांचे संडास-बाथरूम धुवायची. आमचंही. आमचं बाथरूम आतल्या खोलीला लागून आहे. काम झालं की मी तिला चहा देत असे, स्टीलच्या ग्लासात. तो ग्लास स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला असायचा. मिश्राइनच्या घरी तिची फुटक्या कानाची कपबशी वेगळी ठेवलेली होती, त्यावरून मी मनातल्या मनात मिश्राइनची निंदा करत असे. माझा ग्लास वेगळा नव्हताच मुळी, फक्त तो खिडकीत असायचा. आठ वर्षं मी स्वतःला असं सांगत आले.

गेल्या डिसेंबरात रस्ता रुंद करताना सरोजची वस्ती पाडली. तिची मुलगी बारावीला, फेब्रुवारीत बोर्ड. कानपूरला राहणारे तिवारी आमच्याच कॉलनीत तीन नंबरच्या गल्लीत एक घर बाळगून आहेत, त्यांनी मागची खोली तिला भाड्याने दिली. आई-मुलगी दोघीच. खोलीला खिडकी होती, दिवा होता, आणि मुलीला शाळा पायी जाण्याइतकी जवळ होती. याहून जास्त सरोजला काही नको होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी पार्कात समितीची बैठक बसली. ऊन छान होतं, सगळे शेंगदाणे सोलत होते. मिश्राजींनी विषय काढला. जी बाई आमची गटारं काढते तीच शेजारी राहायला आली, उद्या तिचे नातेवाईक येतील, आमच्या मुलीबाळी आहेत, घरांचे भाव उतरतील. एकाने सरळ जातीचं नाव घेऊनच सांगितलं की हे लिहा. माझा हात थांबला. मी म्हटलं, असं लिहू नका, कायद्यात अडकाल. त्यापेक्षा 'सामाजिक वातावरण' असा शब्द घालू या.

हे मी सुचवलं. कुणी मला विचारलंही नव्हतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पढ़ी-लिखी हैं भाभीजी, असं कुणीतरी म्हणालं. आणि मी माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं की कॉलोनी के सामाजिक वातावरण एवं साफ़-सफ़ाई को ध्यान में रखते हुए मकान मालिक कमरा शीघ्र ख़ाली कराएँ. घरी येताना मला बरंच वाटत होतं. एक घाण शब्द मी रजिस्टरात येऊ दिला नव्हता. माणूस स्वतःची समजूत कशाकशाने घालतो, बाप्पा.

प्रिया आता एकवीस वर्षांची, वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीत. कॉलेजातल्या सात-आठ मुलामुलींनी मिळून बराबरी मंच नावाचं काहीतरी काढलेलं. कधी फेरीवाल्यांसाठी सह्या गोळा कर, कधी आणखी कुणासाठी मोर्चात जा. मंचात ती उघडपणे जय भीम म्हणते. कॉलनीत मात्र माझ्यासाठी गप्प राहते. सरोजच्या मुलीला ती संध्याकाळी इंग्रजी शिकवायला जायची, तिथेच तिला कळलं की समितीने ठराव केलाय. घरी येऊन तिने मला विचारलं, त्या बैठकीत तू होतीस का. मी सांगितलं की अर्ध्यातून उठून आले होते, पुढचं मला ठाऊक नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले असते तर एक वेळ बरं, मी तर सपशेल खोटं बोलले, तेही पोळी लाटता लाटता.

मंचाने शहरातली आंदोलनं होतात त्या इको गार्डनला धरणं धरायचं ठरवलं. आठवडाभर आमच्या पुढच्या खोलीत कागद, स्केचपेनं, डिंक. प्रिया रोज म्हणायची, मम्मी, आप भी चलो. मी ऑफिसचं निमित्त सांगायची. आदल्या दिवशी ती म्हणाली, सरोजसाठी मोठ्या बायकांपैकी कुणीच येत नाहीये, सगळी आम्हीच पोरं. ते मला लागलं. मी अर्धी सुटी टाकली आणि तिला न सांगता गेले. स्कूटीवरच्या पोरी बांधतात तशी ओढणी तोंडाभोवती बांधली, वर काळा चष्मा. मीच लिहिलेल्या ठरावाविरुद्ध मी तोंड झाकून घोषणा द्यायला गेले होते. इतका निर्लज्जपणा कुठून आला होता माझ्यात, आज विचार केला तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण तिथे उभी राहिल्यावर खरंच भरून आलं होतं, तेही सांगते. पन्नासेक माणसं असतील. सरोज पुढे सतरंजीवर मुलीचा हात धरून बसली होती. प्रियाने माइक घेतला. माझी एवढीशी मुलगी, लग्नाला बोलावतील का म्हणून विचारणारी, न अडखळता बोलत होती. ती म्हणत होती की घर नाकारण्यासाठी आता कुणी जातीचं नाव घेत नाही, आता गोड शब्द वापरतात. मी मागून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तिचा मित्र अभय आणि आणखी एक जण फ्लेक्स उलगडायला लागले. तिवारींनी सरोजच्या हातात ठरावाची झेरॉक्स ठेवली होती, तिचा फोटो सरोजच्या मुलीने अभयला पाठवला होता, त्याने तो रातोरात मोठा करून छापून आणलेला. प्रियाने तो आधी पाहिला नव्हता.

सहा फूट रुंद फ्लेक्सवर माझं अक्षर.

बाकीच्यांना ते नुसतं सुंदर अक्षर दिसलं असेल. पण माझा 'ल' मराठी आहे. इकडचे लोक 'ल' वेगळा काढतात, त्याला असा गोल पोटाचा आकार नसतो. कॉलोनी, मालिक, ख़ाली, सगळीकडे माझा तो 'ल' फुगून हातभर झालेला. पहिली-दुसरीत प्रियाला अक्षरं मी शिकवली होती. शाळेत तिच्या त्याच 'ल'वर लाल खूण करून पाठवायचे आणि ती रडत घरी यायची.

तिने मागे वळून फ्लेक्सकडे पाहिलं. वाक्य अर्ध्यावर थांबलं. मग ती हळूहळू गर्दीवरून नजर फिरवत आली आणि माझ्यावर येऊन थांबली. ओढणी, चष्मा, कशाचा उपयोग झाला नाही. आईची उभी राहण्याची ढब पोरीला कळतेच. तिने माझं नाव घ्यावं असं मला एक क्षण वाटलं, मनापासून वाटलं. तिने माइक अभयच्या हातात दिला, जाऊन फ्लेक्स उतरवला आणि घडी घालून पिशवीत टाकला. का उतरवलास म्हणून मुलं विचारत होती. ती म्हणाली, वारा आहे, फाटेल. वारा अजिबात नव्हता.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "वो 'ल' आपका है, मम्मी." मी मान हलवली. "और मैंने उतार दिया. अब मैं भी वही हूँ जो आप हो." मग आत गेली आणि दार लावून घेतलं. रात्री मी ताट घेऊन गेले तर तिने ते टेबलावर ठेवायला सांगितलं. टेबलावर बाबासाहेब होते, मी वर पाहिलं नाही.

धरण्याचा परिणाम झाला. तहसीलमधून एक मॅडम चौकशीला आल्या, पार्कातच खुर्च्या टाकल्या. एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला सरोज, तिची मुलगी आणि प्रिया. मॅडम शांत होत्या, पण पक्क्या होत्या. त्यांनी आधीच स्पष्ट केलं की जातीवरून कुणालाही खोली सोडायला लावता येणार नाही. हा ठराव जातीवरून झालाय असं समितीतलं एक माणूस जरी म्हणालं, तरी तो आत्ता, इथेच रद्द होईल आणि ही बाई हवं तितकी राहील. मिश्राजी हात जोडून म्हणाले, छे छे, जातीचा काय संबंध, हवं तर बोरकर भाभींना विचारा, त्यांनीच लिहिलंय, स्वतः पंडित आहेत, खोटं बोलणार नाहीत.

मॅडमनी रजिस्टर माझ्यासमोर धरलं आणि 'सामाजिक वातावरण' या शब्दांवर बोट ठेवलं.

"आपने लिखा है. इसका मतलब क्या है?"

सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. मला ते वाक्य पाठ होतं. आदली सगळी रात्र मी तेच म्हणून पाहत होते. याचा अर्थ जात, मॅडम, आणि मीही त्यातलीच आहे, मलाही महानगरातून असंच काढलं होतं. सरोज माझ्याकडे बघत होती, प्रिया बघत होती. आणि मिश्राइन, माझ्या शेजारच्या खुर्चीत, त्यांनी प्रेमाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो हात उचलला जाईल, एवढाच विचार माझ्या मनात आला. आठ वर्षांचा शेजार, दह्याची वाटी, लोकांचं भाभीजी म्हणणं. ते सगळं एका क्षणात जाईल.

"साफ़-सफ़ाई, मैडम," मी म्हटलं. "और कुछ नहीं." मग गप्प बसवेना म्हणून पुढे जोडलं, "बिटिया का इम्तिहान होने तक रहने दिया जाए."

समितीने लगेच होकार दिला. मॅडमनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मिश्राइन गुडघा थोपटत म्हणाल्या, किती मोठं मन आहे तुमचं. प्रिया उठून चालायला लागली. सरोजने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि मुलीला उठवलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री बाबूराव जेवता जेवता म्हणाले, महानगरात आपल्याला कुणी तारीख दिली नव्हती, तू निदान तारीख तरी दिलीस. मग बराच वेळ ते भाताशी खेळत बसले. म्हणाले, मी तरी कुठे आलो होतो तिथे. आपण दोघंही सारखेच.

परीक्षा मार्चच्या मध्यात संपली. महिनाअखेरीच्या रविवारी सरोज शेवटचं सांगायला आली. तिला शहराबाहेर लांब कुठेतरी खोली मिळाली होती, आता इकडचं काम जमणार नव्हतं. मी तिला आत बोलावलं, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि चहा केला. पाहुण्यांचे निळ्या फुलांचे कप काढले, दोघींना सारखे. हे मी आठ वर्षांपूर्वी करायला हवं होतं हे मला कळत होतं, तरी हात लगबगीने बशा पुसत होते, जणू एका चहाने सगळं फिटणार होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायली. मी माफी मागायला तोंड उघडलं. म्हटलं, सरोज, त्या दिवशी मी...

तिने कप खाली ठेवला.

"दीदी, हम तो पहले इतवार से जानते हैं," ती म्हणाली. "गुसलखाना उसी कमरे से होकर है. बाबासाहेब हमारे यहाँ भी लगे हैं, बिटिया ने लगाए हैं." मग आवाज खाली आणून, भिंतीपलीकडे मिश्राइनना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "हमने किसी से नहीं कहा. सोचा, आप लोगों को भी निकाल देंगे."

मिश्राइन आल्या की मी ते दार लावत असे. सरोज यायची तेव्हा ते उघडंच असायचं, दर रविवारी, आठ वर्षं. तिच्यापासून काही लपवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. तिला डोळे आहेत, त्या डोळ्यांना दिसतं आणि दिसलेलं समजतं, हे मी धरलंच नव्हतं. आणि ती आठ वर्षं माझी मूठ झाकून बसली होती. पार्कातही, जेव्हा तिने एक वाक्य बोलून माझं पितळ उघडं पाडलं असतं आणि कदाचित स्वतःची खोलीही वाचवली असती, तेव्हाही.

ती निघाली. दारात तिने कप कुठे धुवायचा म्हणून विचारलं. राहू दे, असं मी म्हटलं.

ती गेल्यावर मी खिडकीतला ग्लास काढून आणला आणि घरातल्या भांड्यांत मिसळून टाकला. मग ओट्याशी उभी राहून खूप रडले, आणि ठरवलं. आता मिश्राइन पहिल्यांदा समोर येतील तेव्हा सांगायचं. आज, उद्या, कधीही. प्रस्तावना करायची नाही, सरळ सांगायचं. इतकं हलकं वाटलं मला की तोंड धुऊन आले, केस नीट केले. आतल्या खोलीत जाऊन त्या फोटोकडे पाहावं असंही वाटलं, पण प्रिया आत वाचत बसली होती, तिच्याशी अजून माझं बोलणं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. जाळीच्या दारातून मिश्राइन दिसल्या, हातात चैत्रातल्या नवरात्राच्या प्रसादाची वाटी, वर रुमाल.

मी दाराकडे निघाले. सांगायलाच निघाले होते, शपथेवर सांगते. पुढच्या खोलीतून जाताना डावा हात आपोआप आतल्या दाराकडे गेला, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. कडी बसल्याचा आवाज झाला तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

"आइए भाभीजी," मी म्हटलं.

आणि बंद दाराच्या आतून प्रियाचा आवाज आला, अगदी शांत.

"मम्मी, मैं अंदर हूँ."